पहिला हात

मुंबई, १८ फेब्रुवारी १९७३

गोजरआत्या,

आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, मग रागावतो. इतकं मोठं घडलं आणि मला एका ओळीनं कळवलं नाहीस?

काल भायखळ्याला आपल्या गावचा एक जण भेटला. म्हणाला, खडी फोडायच्या दुष्काळी कामावर रंगनाथदादा बंदोबस्ताला होता, तिथे त्याच्यावर कुणीतरी हात टाकला. मग दगडफेक झाली आणि एका म्हाताऱ्या हवालदाराला फार लागलं. कुणी मारलं, हे सांगायच्या आत त्याची बस आली आणि तो लोंबकळत निघून गेला. रात्रभर मला झोप नाही.

दादा कसा आहे? त्याला लागलं का? अगं, तो म्हणजे आपल्या घराचं सोनं. लहानपणी आम्ही सहा जणांनी आंबे चोरले होते. राखणदार आला तसे आम्ही पाच पळालो. दादा तिथेच उभा राहिला आणि त्यानं सहाही नावं सांगितली, स्वतःचं पहिलं. आम्ही महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. आज मात्र सचिवालयात सगळ्यांना सांगतो, माझा सख्खा आतेभाऊ पोलिसात आहे.

आता गंमत ऐक. मी टंकलेखक आहे हे तुला ठाऊकच आहे. सध्या माझ्या यंत्रावर कसला कागद आहे सांगू? ड्युटीवरच्या पोलिसावर हात टाकणाऱ्याला आणखी जबर शिक्षा असावी, असा. अजून नुसता प्रस्तावच आहे, पण आमच्या साहेबांना जोडायला खरी उदाहरणं हवी आहेत. मी म्हणालो, साहेब, दुसरीकडे कशाला जायचं, माझ्या घरचंच घ्या.

तेव्हा ज्या हरामखोरानं दादावर हात टाकला, त्याचं नाव, वय, धंदा सगळं कळव. दुष्काळ आहे म्हणून काय पोलिसाला मारायचं? दादाला दुष्काळ नाही का? त्या मेल्याचा हात झडो!

तुझा,
आबासाहेब

*

पिंपळवाडी, ता. जामखेड, २७ फेब्रुवारी १९७३

आबा,

सुखी ऱ्हा. तुझं पत्र मच्छिंद्र मास्तरांनी ओट्यावर बसून वाचलं. चार बाया ऐकत हुत्या. ‘त्या मेल्याचा हात झडो’ इतं आल्यावर चौघींनी बी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडत्यात. हसत हुत्या.

तर घे लिहून. नाव गोजरबाई. वय साठीच्या आसपास. धंदा, दगड फोडनं. त्यो हरामखोर मीच हाय.

मास्तर थांबलेत. म्हनत्यात, मावशी, हे असंच लिहू का? मी म्हनलं, मास्तर, जसं बोलते तसंच लिवा, तुमची सुधारणा नगं.

त्या दिशी टँकर दोन दिसांनी आला हुता. तीनशे मानूस, एक टँकर. पोलिसांनी दोर बांधला, लेकुरवाळ्या बाया पुढं घेतल्या, बाकीच्यांची रांग. मी लई मागं हुते. आन माझ्या डोस्क्यात काय शिरलं बघ. शेजारच्या चौघींना म्हनलं, चला गं माझ्यामागं, माझा रंगनाथ हाय बंदोबस्ताला. हंडा कमरेवर घेऊन ऐटीत पुढं गेले.

रंगनाथानं काठी आडवी धरली. म्हनला, ‘बाई, मागं रांगेत जा.’ मी हसले. म्हनलं, अरं, मी हाय. त्यो म्हनला, ‘दिसलं. मागं जा, बाई.’

आबा, पोटच्या पोरानं मला बाई म्हनलं. तीनशे मानसांत! ज्याच्या मागं चौघी आनल्या, त्यानंच. माझा हात कवा उचलला मलाच कळलं न्हाई. अशी थोबाडीत दिली, की त्याची टोपी मातीत पडली.

समद्यांनी त्या टोपीकडं बघितलं. मग कोन तरी हसलं. मग कोन तरी मागनं वरडलं, ‘म्हातारीनं मारलं, आता भ्यायचं कशाला!’ झालं. दोर तुटला आन मानसं टँकरवर तुटून पडली. खडीच्या कामावर दगडाला काय तोटा? एक लेकुरवाळी खाली पडली. पुंजाराम हवालदार तिच्या अंगावर ओनवा झाला, तिला आन लेकराला झाकायला. दगड आला त्यो त्याच्या डाव्या डोळ्यात. माझा रंगनाथ टँकरच्या तोटीम्होरं उभा ऱ्हायला, पाठीत दगड खाल्लं, पर काठी उगारली न्हाई. रगात बघून मानसं थांबली. निम्मं पानी मातीत गेलं हुतं.

फौजदार सायेब रंगनाथाला म्हनलं, आईचं नाव कशाला, अज्ञात जमाव लिही. रंगनाथ म्हनला, ‘साहेब, पहिला हात तिचा.’ आन लिवलं. मला तालुक्याला नेलं, मास्तर जामीन ऱ्हायलं, सुटून आले.

लोक म्हनत्यात, कसला लेक! मी म्हनते, असला लेक दुसरीला हाय का, दावा. कैदंचं मला काय वाटत न्हाई रं. पर त्या दिसापासनं त्यो घरी आला न्हाई. मला आई म्हनून हाक मारली न्हाई. पुन्यांदा मारंल का न्हाई, एवढंच मला कळंना.

तुझी,
गोजरआत्या

*

मुंबई, ९ मार्च १९७३

आत्या,

स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. जे लिहिलं ते सगळं परत घेतो, हात झडो तर पहिलं. मास्तरांनी ते वाचायच्या आधी जरा नजर टाकायची ना!

आता माझं नीट ऐक. आजच्या कायद्यानंसुद्धा तुला दोन वर्षांपर्यंत आत टाकता येतं. हसण्यावारी नेऊ नकोस. पण यातून बाहेर यायला वाट आहे. कोर्टात एवढंच सांगायचं, ‘आईनं लेकाला मारलं, त्यात सरकारचा काय संबंध?’ आणि त्या तीनशे माणसांतला एकही तुझ्याविरुद्ध साक्ष देणार नाही, आपलं गाव मला माहीत आहे.

दादालाही आजच लिहिलंय, खरमरीत. म्हटलं, अरे, आंबे चोरले तेव्हा नावं सांगितलीस, ठीक. पण जन्मदातीचं नाव फिर्यादीत? लाज नाही वाटली? ताबडतोब मागे घे.

साहेब रोज विचारतात, तुझ्या घरच्या उदाहरणाचं काय झालं. मी सांगतो, टपाल यायचंय. तू काळजी करू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझा,
आबा

*

जामखेड, १७ मार्च १९७३

प्रिय आबा,

तुझं पत्र मिळालं. मजकूर समजला. शिव्याही समजल्या.

फिर्याद मागं घेणं माझ्या हातात नाही. असतं तरी घेतली नसती. कारण लिहितो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

पुंजाराम हवालदारांचा डावा डोळा गेला. नगरला काढावा लागला. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. मी भरती झालो तेव्हा पट्टा कसा बांधायचा इथपासून त्यांनी शिकवलं. दगड कुणी मारला ते कळलं नाही आणि कळेलसं वाटत नाही. तीनशे हातांतला एकच हात ठाऊक आहे, पहिला. तोही मी झाकला, तर त्यांच्या समोर कुठल्या तोंडानं उभा राहू? आणि उद्या प्रत्येक हात कुणाच्या ना कुणाच्या आईबापाचाच निघेल.

मी तिला बाई म्हणालो, हे मात्र मला फार लागून राहिलंय. आई म्हणालो असतो तर ती कदाचित हसत मागं गेली असती. पण आई म्हणालो असतो तर रांगेतले म्हणाले असते, आता बघा, पुढं घेतो. तेवढ्यात जे सुचलं ते बोललो.

घरी का जात नाही, विचारलंस. फिर्यादीनं आरोपीच्या चुलीपुढं बसून जेवायचं आणि मग कोर्टात खरं बोलतो म्हणून शपथ घ्यायची, हे मला जमणार नाही. निकाल लागेपर्यंत नाही.

गस्तीला सायकलवरून जाताना आपली वस्ती लागते. चुलीचा धूर दिसला की मी पुढं जातो. परवा दिसला नाही. मास्तरांना लिहून विचार, तिचं बरं आहे ना. मी विचारलं असं तिला कळवू नकोस.

रंगनाथ

*

पिंपळवाडी, २० एप्रिल १९७३

आबा,

मुंबईचं पानी पिऊन तुझी अक्कल पातळ झाली का रं? माझ्या लेकाला लाज काढतोस? पुन्यांदा त्याला असं लिवलंस तर मुंबईला यीन आन तुला बी एक देईन. तू तर पोलीस बी न्हाईस, मला शिक्षा सुदिक व्हायची न्हाई.

काल सरपंच आन चार शहाने आलते. म्हनलं, मावशी, घाबरू नगं, कोर्टात आमी समदे सांगनार, आमी काय बघितलंच न्हाई. मी उठून उभी ऱ्हायले. म्हनलं, डोळा गेला त्यो हवालदाराचा, आन आंधळं तुमी झाला व्हय रं? चहाबी न पिता गेले. तशी साखर नव्हतीच म्हना घरात.

‘आईनं लेकाला मारलं’ म्हनून सांगू म्हनतोस. आधी मला बी तसंच वाटत हुतं. पर इचार कर. म्या आई म्हनून मारलं आन सुटले, तर उद्या त्याचा चुलता मारंल, मामा मारंल. गावात कोन त्याचं कोन लागत न्हाई? मग त्यानं रांग कुनाची लावायची? तीनशे मानसाला पानी वाटायला उभा हुता माझा लेक, आन मी त्याला माझ्या पाच हंड्यांपुरता करायला गेले.

आनिक एक सांगते, हसू नगंस. मागल्या आठवड्यात नगरला गेल्ते, दवाखान्यात. कामावर खायला देत्यात ती सुकडी तीन दिस न खाता बांधून ठिवली, हवालदाराला न्यायला. दारापतूर गेले. त्याची बायको भागूबाई त्याला भरवत हुती. घास तोंडाशी नेऊन थांबायची, त्यो तोंड उघडायचा. माझं पाऊलच उचलंना. तशीच मागं फिरले, सुकडी येष्टीत एका बाईच्या लेकराला दिली. तीनशे मानसांत हात उचलायला छाती हुती, एका मानसाम्होरं उभं ऱ्हायला न्हाई झाली.

तुझ्या त्या कागदात काय हाय, त्ये आता खरंखरं सांग. त्यो कायदा आज असता तर मला काय झालं असतं?

तुझी,
गोजरआत्या

*

मुंबई, १२ मे १९७३

आत्या,

खरंखरं विचारलंस, तर खरंखरं सांगतो. तो कायदा आज असता तर तुला कमीत कमी दोन वर्षं सक्तमजुरी झाली असती. न्यायाधीशाला वाटलं तरी एक दिवस कमी करता आला नसता. समोर दारूची पिंपं विकणारा गुंड असो, नाहीतर तू.

फेब्रुवारीत हा कागद मी छाती फुगवून टाईप करत होतो. आता त्या ओळीवर आलो की बोटं अडतात. आणि खोडावं म्हटलं, तर हवालदारांचा डोळा समोर येतो. मग वाटतं, दोन कशाला, दहा वर्षं हवीत. सकाळी एक वाटतं आणि संध्याकाळी दुसरं.

शेवटी परवा साहेबांना सगळं सांगून टाकलं. मारणारी माझी आत्या आहे, हेसुद्धा. वाटलं, ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ‘तुमच्या भावाला माझा नमस्कार कळवा. आणि हे लिहून जोडा. डोळाही लिहा, आईही लिहा. एकही लपवू नका.’ तुझी परवानगी असेल तरच लिहीन. तुझं नाव सरकारी कागदावर जाणार आहे, विचार करून सांग.

दादाचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा त्याची मनातल्या मनात माफी मागितली. मला असं वागता आलं नसतं. मी सरळ अज्ञात जमाव लिहून घरी येऊन जेवलो असतो.

आणि हो, मार्चमध्ये एक दिवस तुझी चूल का पेटली नव्हती? कोण विचारतंय ते सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. एवढंच सांगतो, विचारणारा सायकलवर असतो.

तुझा,
आबा

*

पिंपळवाडी, १५ जून १९७३

आबा,

निकाल लागला. मास्तर, सावकाश लिवा, लई सांगायचंय.

पयलं त्या चुलीचं. त्या दिशी पीठ नव्हतं, दुसरं काय? पर तुझं पत्र आल्यापासनं मी चूल एक दिस बी चुकवली न्हाई. पीठ नसलं तरी ओल्या काटक्या घालून धूर करायची. डोळ्याला धारा लागायच्या. म्हनलं, जाऊ दे बाबा, तुझ्या वाटंनं नीट जा.

मंगळवारी तारीख हुती. मी घर आवरून, शेळी शेजारी देऊन, हंडा पालथा घालूनच निघाले. दोन वर्सांची तयारी. वकील बघितला न्हाई. कशाला? मारलं त्ये मारलं.

रंगनाथ पिंजऱ्यात उभा ऱ्हायला. इस्त्रीचे कपडे, ताठ. लई वाळलाय रं. कोर्टाच्या सायबानं इचारलं, आरोपीला ओळखता का? म्हनला, ‘होय साहेब. माझी आई आहे.’ तेवढ्यालाच त्याचा आवाज फाटला, बाकी समदं एका दमात सांगितलं. काय लपवलं न्हाई. ‘मी त्यांना बाई म्हणालो, त्याचा त्यांना राग आला,’ त्ये बी सांगितलं.

मग सायेब माझ्याकडं वळलं. गुन्हा कबूल हाय का? मी म्हनलं, कबूल. मी मारलं तवा मी आई हुते, पर त्यो शिपाई हुता. रांग त्यानं लावली हुती, मोडली मी. म्होरं जे झालं त्याला कुनाकुनाचं हात लागलं ठाऊक न्हाई, पयला माझा.

सायेब लई येळ लिहीत बसलं. मग म्हनलं, या खटल्यात तीनशे साक्षीदार असून खरं बोलनारी मानसं दोनच निघाली, एक फिर्यादी आन एक आरोपी. कोर्ट उठंपतूर कैद. मी इचारलं, सायेब, एवढीच? समदं कोर्ट हसलं. कारकुनानं बाक दावला, म्हनला, आजी, सायेब उठंपतूर हितं बसायचं, हीच कैद. बसले. रंगनाथ दाराशी उभा. एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हनलं, बरुबर हाय, कोर्ट अजून उठलं न्हाई.

साडेपाचला सायेब उठलं. रंगनाथ आला, टोपी काखंत. म्हनला, ‘आई, चल. भूक लागलीय.’

आबा, चार म्हयन्यांनी. मी रडले, भर कोर्टाच्या आवारात, मोठ्यांदा. मग ध्यानात आलं, माझी चूल तर इझवून, पीठ देऊन आले मी. म्हनलं, लेका, काय घालू तुला? त्यो म्हनला, ‘आपल्याला हवालदारांकडं बोलावलंय जेवायला. दोघांना.’

मी मागं सरले. म्हनलं, तितं नगं रं. त्यापरीस दोन वर्सं आत टाक. त्यो म्हनला, ‘त्यांनी बोलावलंय, आई.’ आन माझा हात धरून चालाय लागला.

भागूबाईनं भाकरी, पिठलं केलं हुतं. मी तिच्या पाया पडाय गेले तर बाजूला झाली. वाढलं मातर पोटभर, माझ्या ताटात दोन डाव तेल आगाव. हवालदार हसून म्हनला, ‘या मावशी, पाटावर बसा. तुमचा हात लई जड हाय म्हनं, आमच्या पोराचा गाल आठ दिस सुजला हुता.’ रंगनाथ बी हसला. मी मान वर केली न्हाई.

जेवता जेवता हवालदारानं पान्याच्या तांब्याकडं हात नेला. हात तांब्याच्या अलीकडंच मिटला, रिकामाच. परत नेला, परत अलीकडं. एका डोळ्याला अंतर कळत न्हाई म्हनं. भागूबाई बघत हुती, उठली न्हाई. डाक्टरनं सांगितलंय, त्याचं त्याला शिकू द्या. रंगनाथ ताटात बघत हुता. तिसऱ्यांदा हात गेला तवा माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. त्यो म्हनला, ‘यील, यील अंदाज हळूहळू.’

तर आबा, परवानगी इचारली हुतीस. जोड. माझं नाव घाल, गाव घाल, रंगनाथाचं नाव मोठ्या अक्षरात घाल. शिक्षा दोन वर्सं ठिवायची का दहा, त्ये तुझ्या सायबाला ठरवू दे. मला कोर्टानं चार-पाच तास दिलं, त्ये मी बसून काढलं, त्यात काय न्हाई. पर त्यो हात तीनदा तांब्याच्या अलीकडं मिटला, त्ये कागदावर नीट लिव. त्यातलं एक बी कमी करू नगंस.

तुझी,
गोजरआत्या